टोकन देण्याआधी गाव पाहा

कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा, माणगाव. या भागातल्या कुठल्याही रस्त्यानं जा, शेताच्या कडेला मोठमोठे फलक दिसतात. तयार बंगला, रो हाऊस, निसर्गाच्या कुशीत, स्टेशनपासून दहा मिनिटं, फक्त इतक्या लाखांत. डोंबिवलीत किंवा ठाण्यात दोन खोल्यांना जी रक्कम मोजावी लागते तिच्या निम्म्यात इथं अंगण असलेलं घर मिळतं, हे खोटं नाही. म्हणूनच चाळीत आणि भाड्याच्या खोलीत उमेदीची वर्षं काढलेली माणसं रविवारी सहकुटुंब घर पाहायला येतात, आणि पुष्कळ जण संध्याकाळी पन्नास हजारांचं किंवा लाखाचं टोकन देऊनच परततात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. घर घेऊ नका, असं मला म्हणायचं नाही. परवडणाऱ्या किमतीत गावाकडे नवं घर घेऊन सुखानं राहणारी कुटुंबं या पट्ट्यात आहेत. पण घर स्वस्त का आहे, या एका प्रश्नाचं उत्तर स्वतः शोधल्याशिवाय खिशातून रुपया काढू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

जमीन शहरापासून लांब, म्हणून स्वस्त, हे कारण सरळ आहे. रोज चार-पाच तास येण्याजाण्यात घालवायची तयारी असेल तर त्याच्या बदल्यात तुम्हाला अंगण मिळतं, आणि तो सौदा कुणी डोळे उघडे ठेवून केला तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण कित्येकदा घर स्वस्त असतं ते जमीन बिनशेती करून घेतलेली नसते म्हणून. पाण्याची कायमची सोय केलेली नसते म्हणून. रस्ता दुसऱ्याच्या शेतातून जातो म्हणून, किंवा जोत्यातला भराव नीट दाबलेला नसतो म्हणून. विकणाऱ्यानं असा वाचवलेला खर्च नाहीसा होत नाही, तो घेणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. पाण्याचा आणि भिंतींचा खर्च निदान पैसे टाकून भरून काढता येतो. कागदाचा दोष कित्येकदा पैसे टाकूनही निघत नाही.

गाव पाहायला जाण्याआधी घरात बसून एक हिशेब करा. तिथं राहायला जाणार आहात, की शनिवार-रविवारसाठी घेताय? २५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला सुमारे २१,७०० रुपये येतो. वर्षाचे झाले दोन लाख साठ हजार. पहिल्या वर्षी माणूस हौसेनं दर शनिवारी जातो. मग मुलांचे क्लास येतात, लग्नकार्यं येतात, कुणाचं आजारपण येतं, आणि वर्षाकाठी वीस रात्री मुक्काम झाला तरी पुष्कळ. म्हणजे एका रात्रीला तेरा हजार रुपये, आणि त्यात राखणदार, देखभालीची वर्गणी, घरपट्टी, वीजबिल धरलेलंच नाही. याच गावांमध्ये जेवणासकट घरगुती मुक्काम याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतो. पगारातून हप्ता भरणाऱ्या कुटुंबानं केवळ सुट्टीसाठी कर्ज काढून असं घर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राहायला जाणार असाल, किंवा निवृत्तीची रक्कम हाताशी असून शहरातलं घरही शाबूत असेल, तर गोष्ट वेगळी.

गुंतवणूक म्हणून घ्या, दोन वर्षांत दुप्पट होईल, असंही सांगितलं जातं. विमानतळ येतोय, महामार्ग येतोय. येतो, पण कधी? नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ मध्ये, भूमिपूजन झालं फेब्रुवारी २०१८ मध्ये, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेलकडचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, त्यानंतर किती गणपती गेले ते चाकरमान्यांना विचारा. शहरातलं घर अडीअडचणीला तुलनेनं लवकर विकता येतं किंवा भाड्यानं देता येतं. आडगावच्या रो हाऊसला गिऱ्हाईक मिळायला वर्षं लागू शकतात, कारण शेजारीच नवं घर तितक्याच किमतीत विकायला उभं असतं.

आता कागद. इथं जरा थांबून वाचा.

सातबारा हातात घ्या आणि वरून खाली सावकाश वाचा. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा थोड्या रुपयांत काढता येतो, त्यामुळे विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर अवलंबून राहायची गरज नाही. वरच्या भागात भूधारणा पद्धती लिहिलेली असते. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर पुढं वाचत जा. ‘वर्ग २’ असेल तर ती जमीन सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नाही. परवानगीचा आदेश मागा, आणि तो दिसेपर्यंत बोलणी थांबवा. मग उजवीकडचा ‘इतर अधिकार’चा रकाना. बहुतेक लोक हा रकाना वाचतच नाहीत, आणि खरी माहिती तिथंच असते. कुळाचं नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा, कोर्टात चाललेल्या दाव्याची नोंद. रायगड, ठाणे, पालघरमध्ये ठाकर, कातकरी, वारली कुटुंबांच्या जमिनी आहेत आणि त्यांच्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चं संरक्षण आहे. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही, आणि तसा व्यवहार झालाच तर जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. तो कायदा योग्यच आहे. एखाद्या कातकरी कुटुंबाच्या हातून काढून घेतलेल्या जमिनीवर उभं राहिलेलं घर कितीही स्वस्त असलं तरी आपल्याला नको.

उताऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. ते फेरफार काढून पाहा. जमीन आजच्या मालकाकडे कशी आली ते त्यांत कळतं. वडील वारले, तीन भावांची नावं लागली. मग बहिणींचं काय झालं? त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं, की त्यांची नावं वारसनोंदीतून नुसतीच गळाली? या प्रश्नावरून उभे राहिलेले दावे तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालतात, आणि घर घेणारा त्यात विनाकारण पक्षकार होतो.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ चा उतारा दाखवून ‘हे बघा, घर रेकॉर्डला आहे’ असं सांगितलं जातं. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकी सिद्ध करत नाही, आणि बांधकाम परवानगीने झालं होतं असंही त्यातून ठरत नाही. गावठाणातल्या घरांसाठी स्वामित्व योजनेतून ड्रोननं मोजणी होऊन सनद आणि मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. गावठाणात घर घेत असाल तर ती मागा. गावठाणाबाहेर असाल तर बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. नकाशा घेऊन जागेवर उभे राहा आणि घरं मोजा. नकाशात बारा घरं आणि जागेवर सोळा उभी असतील तर चार घरं कुणाची, हे विकणाऱ्याला तिथंच विचारा.

‘फार्महाऊस’च्या नावाखाली शेतजमिनीसह घर विकायला काढलेलं असेल तर आणखी सावध व्हा. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे नोटरीच्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर विकण्याचे प्रकारही सर्रास चालतात. नोटरीचा शिक्का म्हणजे खरेदी नव्हे. कुलमुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या सूरज लॅम्प खटल्यात स्वच्छ सांगितलेलं आहे. आणि हेही ध्यानात ठेवा की दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं गेलं म्हणून विकणारा खरा मालक होता असं ठरत नाही. ते कार्यालय दस्त नोंदवून मुद्रांक शुल्क घेतं. मालकीची खातरजमा आपली आपण करायची असते.

महारेराचं काय? २०१६ च्या रेरा कायद्याखाली महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा काम करतं. नोंदणी झालेल्या प्रकल्पाची मंजुरी, मालकी, तारखा, चालू दावे सगळं त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. मोबाईल काढा, फलकावरचा कोड तिथल्या तिथं तपासा. नोंदणी असलेल्या प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देणं बांधणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त नसेल, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपर्यंत असेल, किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर ही नोंदणी सक्तीची नाही. गावाकडच्या बऱ्याचशा छोट्या योजना याच सवलतीत बसतात. कुणी एकाच शेताचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ‘छोटा’ म्हणून दाखवत असेल तर त्यामागचा हेतू उघड आहे. सवलतीतलं घर वाईटच असतं असं नाही, पण तिथं तुमच्या पाठीशी महारेरा नाही हे समजून दुप्पट तपासणी करा.

तपासणी म्हणजे वकील. तालुक्याच्या ठिकाणचा, महसुली कागद रोज हाताळणारा, आणि मुख्य म्हणजे विकणाऱ्यानं सुचवलेला नसलेला. त्याच्याकडून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल लेखी घ्या. २५ लाखांच्या व्यवहारात ही फी वाचवण्यासारखी दुसरी चूक नाही. कर्जाची गरज नसली तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन या प्रकल्पाला कर्ज देता का, एवढं विचारून या. ‘बँकेची भानगड कशाला, आमच्याकडेच हप्ते भरा’ असं विकणारा म्हणत असेल तर बँकांनी त्याला का नाकारलं हे शोधा.

कागद स्वच्छ निघाले की पाणी, आणि त्यासाठी जायचं ते मे महिन्यात. डिसेंबरात सगळी गावं सुंदर दिसतात. शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. इथं पाऊस तीन-तीन हजार मिलिमीटर पडतो, पण खाली काळा बेसॉल्ट खडक आहे. पाणी मुरतं ते खडकाच्या फटींत आणि वरच्या मुरमाच्या थरात, बाकीचं वाहून जातं. म्हणून एका बोअरला धो धो पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरची दुसरी बोअर कोरडी निघते. आज पाणी देणारी बोअर चार वर्षांनी आटतेही. चार माणसांच्या घराला माणशी १३५ लिटर धरलं तर रोज ५४० लिटर लागतं. तीस घरांची वसाहत असेल तर सोळा हजार लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर रोज दीड वेळा. विकणाऱ्याला विचारा: पाणी कुठून, किती, आणि मेमध्ये किती? मग त्याचं उत्तर ऐकून शेजारच्या वाडीत जा आणि हंडा घेऊन जाणाऱ्या एखाद्या मावशींना तेच विचारा. त्यांच्या विहिरीला पूर्वी मेपर्यंत पाणी असायचं आणि वसाहतीची बोअर पडल्यापासून मार्चमध्येच तळ दिसतो, असं त्या म्हणाल्या तर दोन गोष्टी कळल्या. पाणी अपुरं आहे, आणि तुम्ही राहायला याल तेव्हा गाव तुमच्याकडे कोणत्या नजरेनं पाहील तेही.

दुसरी फेरी जुलैमधली, भर पावसातली. रस्ता राहतो का, साकवावरून पाणी जातं का, घरापर्यंत रुग्णवाहिका येईल का, ते त्या दिवशी कळतं. वसाहतीच्या रस्त्याची जमीन कुणाच्या नावावर आहे हेही विचारा, कारण शेजारच्या शेतकऱ्यानं तोंडी दिलेली वाट तो उद्या बंद करू शकतो. नदीकाठच्या प्लॉटला दर जास्त लावतात. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं, महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. पाटबंधारे खातं नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतं. निळीच्या आत बांधकामाला मनाई असते. पूररेषा कुठून जाते ते विचारल्याशिवाय नदीचं दृश्य विकत घेऊ नका. डोंगराकडेही पाहा. माळीण २०१४, तळिये २०२१, इरशाळवाडी २०२३, तिन्ही दरडी जुलैमधल्या. प्लॉट सपाट करण्यासाठी जेसीबीनं डोंगराचा पायथा उभा कापला असेल, मागं ताजी लाल माती उघडी पडली असेल, आणि संरक्षक भिंतीला पाणी निघायला भोकंच ठेवली नसतील, तर ती भिंत पावसाळ्यात मागच्या पाण्याचा आणि मातीचा दाब फार काळ धरणार नाही. असं घर फुकट दिलं तरी घेऊ नका.

बांधकामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण चार-पाच हजार रुपये देऊन स्वतंत्र इंजिनिअर नेला तर तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. कोकणातल्या पावसात एक पावसाळा काढलेलं घर निवडा. दिवाळीच्या तोंडावर रंगवून तयार केलेलं नको. नव्या रंगाखाली ओल लपते. खिडकीखालचा कोपरा, बाथरूमच्या मागची भिंत, स्लॅब आणि भिंत जुळते ती रेघ, हे तळहातानं चाचपून पाहा. गार आणि किंचित चिकट लागलं तर पाणी आत आहे. गिलाव्यावर बोटांनी टकटक करा, पोकळ आवाज येतो तिथं तो सुटलेला आहे. छपरावर पत्रे असतील तर ते कशाला आणि कसे बांधलेत ते पाहा. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याकडे पत्रे आणि कौलं उडून गेली आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना राहिली. विजेचा मीटर महावितरणचा आणि तुमच्या नावावर होणार का, की बांधणाऱ्याच्याच जोडणीवरून सगळ्या वसाहतीला वीज दिली आहे? शोषखड्डा बोअरपासून लांब आहे ना? इतकं तरी विचाराच.

वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर दवाखाना आधी पाहा आणि घर नंतर. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असतात का, सर्पदंशावरचं प्रतिविष ठेवलेलं आहे का? विंचवाच्या दंशावरचा आज जगभर मानला जाणारा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी उभा केला, तो कोकणात असे रुग्ण सतत येत होते म्हणून. अंगण, झाडं, दगडी कुंपण म्हणजे साप-विंचू आलेच. घाबरायचं कारण नाही, पण उपचार अर्ध्या तासाच्या अंतरावर हवेत.

शक्य असेल त्यांनी त्याच गावात सहा महिने, जमलं तर वर्षभर भाड्यानं राहून पाहावं. भाड्याचे पैसे वाया गेले असं वाटेल, पण एक उन्हाळा आणि एक पावसाळा राहिलेल्या माणसाला कोणतं घर घ्यायचं हे दलालापेक्षा चांगलं कळतं. कित्येकदा असंही होतं की गावात ओळखी झाल्यावर एखादं जुनं पण भक्कम जांभ्या दगडाचं घर, स्वच्छ मालकीचं, त्याहून कमी किमतीत मिळून जातं. ते नवं नसतं, पण त्याच्यावरून तीस-चाळीस पावसाळे गेलेले असतात.

आणि घर घेतलंत तर गावचे होऊन राहा. गावाची जुनी पायवाट कुंपणात घेऊ नका, सांडपाणी ओढ्यात सोडू नका, पोहण्याच्या तलावाचा हट्ट धरू नका. मतदार यादीत नाव घाला. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात; त्यांना जा, पाण्याचा विषय निघाला की आपल्या वसाहतीची बोअर किती उपसते ते उघड सांगा.

टोकन मागणारा म्हणेल, आज दिलंत तरच हा भाव, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. येऊ द्या. ज्याचे कागद चोख आहेत तो तुम्हाला वकिलाकडे जायला पंधरा दिवस देतो. जो देत नाही त्याच्याशी व्यवहार करू नका.